रमला गुण देण्याआधी साखर मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रम आणि इतर उंची मद्यांना गुण देणारा लेख प्रसिद्ध झाला. मद्याविषयीचे लेखन एकतर उपदेशाच्या सुरात होते, नाहीतर डोळे मिचकावत. या दोन्ही वाटा टाळून लेखकाने चव, गंध आणि घडण यांवर लिहिले, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. मात्र प्रत्येक बाटलीपुढे शंभरपैकी जे गुण छापले आहेत, ते कोणत्या परिस्थितीत, कोणत्या कसोट्यांवर आणि बाटलीबद्दल काय ठाऊक असताना दिले गेले, याविषयी लेखात एक अक्षरही नाही. चव ही ज्याची त्याची बाब आहे, असे म्हणून हा प्रश्न झटकता येईल. परंतु आकडा छापला की ती ज्याची त्याची बाब राहत नाही, वाचक त्या आकड्याकडे मोजमाप म्हणूनच पाहतो.

सर्वाधिक गुण मिळालेल्या रमचे वर्णन लेखात मखमली, गोडसर आणि घशाला जराही न लागणारी असे केले आहे. शंका घ्यायला हवी होती ती नेमकी येथे. रम उसापासून होते, म्हणून ती मुळातच गोड असणार, असा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. मळी असो वा उसाचा ताजा रस, त्यातील बहुतेक साखर आंबवण्याच्या काळात यीस्ट फस्त करते; जी उरते ती ऊर्ध्वपातनात भांड्यातच राहते, कारण साखरेची वाफ होत नाही. भट्टीतून बाहेर पडणारी रम साखरेच्या बाबतीत व्हिस्कीइतकीच कोरी असते. पुढे ओकच्या पिंपात मुरताना तिला व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या लाकडाचा गंध येतो व नाक त्याला गोड म्हणते. पिंपात पूर्वी गोड वाइन भरलेली असेल, तर थोडी साखर उतरतेही. पण लिटरमागे वीस-तीस ग्रॅम साखर लाकडातून येत नाही. ती कोणीतरी घातलेली असते.

घालण्याला सर्वत्र मनाई आहे, असेही नाही. स्कॉच व्हिस्कीत पाणी आणि रंगापुरते साधे कॅरॅमल यांखेरीज काहीही चालत नाही. रमच्या बाबतीत मात्र युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीने चव गोलाईदार करण्यासाठी लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत गोडवा घालण्यास मुभा दिली आहे. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीत साखर, कॅरॅमल आणि ओकच्या लाकडाचा अर्क घालणे परंपरेने मान्य आहे. टकीलातही असे काही घटक वजनाच्या एक टक्क्याच्या मर्यादेत राहिले, तर बाटलीवर सांगण्याचे बंधन नाही. म्हणजे प्रश्न केवळ रमचा नाही. पण रममध्ये तो सर्वांत मोठा आहे, कारण देशागणिक नियम बदलतात आणि अनेक बाटल्यांवर याविषयी चकार शब्द नसतो. बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर डिस्टिलरीचे रिचर्ड सील साखर न घालण्याची बाजू वर्षानुवर्षे जाहीरपणे मांडत आले आहेत. त्यांच्या बोलण्यातील धार सगळ्यांनाच रुचत नाही, परंतु त्यांचा मुद्दा खोडणे अवघड आहे.

घातलेली साखर शोधायला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. अल्कोहोल मोजणारा हायड्रोमीटर, एक उंच अरुंद काचपात्र आणि थर्मामीटर एवढे पुरे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याचे प्रमाण जितके जास्त, तितका हायड्रोमीटर खोल बुडतो. साखर विरघळली की द्रव जड होतो, तरंगणारी काचनळी वर उचलली जाते आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. रम वीस अंश सेल्सिअसवर येऊ द्यावी, नळीला हलकी गिरकी देऊन तिला चिकटलेले बुडबुडे झटकावेत, डोळे द्रवाच्या पातळीला आणून आकडा वाचावा. बाटलीवर ४० टक्के लिहिले आहे आणि नळी ३९.५ दाखवते, तर चिंतेचे कारण नाही. दीर्घकाळ मुरलेल्या रममध्ये लाकडातून उतरलेल्या द्रव्यांमुळे एवढा फरक पडतो. तीच नळी ३६ दाखवू लागली, तर लिटरमागे १५ ग्रॅमच्या आसपास साखर आहे असे समजावे. ग्लिसरीन घातले असेल तरी आकडा घसरतो, म्हणून हा पुरावा अंतिम नव्हे. पण शंकेला आधार मिळतो. फिनलंडची ‘अल्को’ आणि स्वीडनची ‘सिस्टेमबोलागेट’ या सरकारी मद्यविक्री संस्था तर साखरेचे प्रमाण उघडपणे प्रसिद्ध करतात. परीक्षकाने निदान तेवढे पाहून घ्यावे.

गोड आवडणे हा गुन्हा नाही. लिकरच्या, म्हणजे मुद्दाम गोड केलेल्या मद्याच्या, बाटलीवर ते लिकर असल्याचे लिहिलेले असते आणि पिणाऱ्याला काय पितो आहोत हे ठाऊक असते. माझा आक्षेप तुलनेला आहे. साखर अल्कोहोलचा चटका बोथट करते, जिभेवर जाडी आणते आणि कच्च्या मद्याच्या बोचऱ्या कडा झाकते. अशी रम साखर न घातलेल्या रमशेजारी ठेवली की पहिल्या घोटाला ती हटकून मऊ वाटते आणि गुण घेऊन जाते. ज्या उत्पादकाने आंबवण्याला वेळ दिला, नेमका भाग भट्टीतून वेगळा काढला आणि पिंपे निवडण्यात वर्षे घातली, त्याच्या वाट्याला मात्र ‘किंचित तिखट’ असा शेरा येतो. आपल्या लेखात तो शेरा एकाहून अधिक ठिकाणी आला आहे आणि ज्या बाटल्यांपुढे आला आहे, त्यांतील काही साखर न घालणाऱ्या उत्पादकांच्या आहेत.

दुसरी बाब वयाची. लेखकाने बाटलीवरील मोठा आकडा वय म्हणून उतरवून घेतला आहे. जमैका आणि बार्बाडोस येथील रमवर छापलेले वय मिश्रणातील सर्वांत तरुण भागाचे असते, आणि कोन्याकमध्येही तोच दंडक आहे. तेथे ‘एक्सओ’ या दीर्घकाळ मुरवलेल्या प्रतीसाठीची किमान अट २०१८ पासून सहा वर्षांवरून दहा वर्षांवर नेली गेली. सोलेरा पद्धतीत खालच्या रांगेतील पिंपातून थोडे मद्य काढून त्या जागी वरच्या रांगेतील तरुण मद्य भरत जातात आणि कोणतेच पिंप कधी पूर्ण रिकामे होत नाही. अशा बाटलीवरचा आकडा मिश्रणातील सर्वांत जुन्या थेंबाचा असू शकतो, किंवा नुसता शोभेचा. आकडा खरा असला, तरी हवामान आडवे येते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते, कॅरिबियन उष्णतेत त्याच्या कितीतरी पट, आणि लाकूडही त्याच वेगाने आपला रंग आणि तुरटपणा सोडते. तिथली बारा वर्षे आणि युरोपातील गोदामातली बारा वर्षे एकाच तराजूत घालता येत नाहीत, आणि जास्त वर्षे म्हणजे जास्त गुण हे समीकरणही टिकत नाही. फार मुरलेली रम कधी कधी निव्वळ लाकूड चघळल्यासारखी लागते.

रंगावर विसंबणे तर आणखी धोक्याचे. कॅरॅमलने कालची रम गर्द तपकिरी करता येते आणि कोळशातून गाळून मुरलेली रम पाण्यासारखी नितळ करता येते. डोळा नाकावर कशी कुरघोडी करतो, हे मोरो, ब्रोशे आणि द्युबूर्द्यू या फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले आहे: पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिल्यावर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीनदा दिली गेली, आणि जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास परीक्षकांना आपलाच निर्णय पुन्हा जवळपास तसाच देता आला. बारा-चौदा टक्के अल्कोहोलच्या पेयाची ही गत. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मद्यापुढे बसलेल्या माणसाची अवस्था वेगळी असेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही. म्हणून बाटली झाकलेली हवी, ग्लास शक्यतो अपारदर्शक हवा आणि एखादा नमुना न सांगता दोनदा फिरवला जायला हवा.

आस्वादाची रीत लेखात दोन ओळींत उरकली आहे, तीही वाइनची. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवला की रममधून अल्कोहोलच आधी उसळते आणि नाक बधिर होते. तोंडाशी अरुंद होणाऱ्या ग्लासात पंधरा मिलिलिटर रम घेऊन ती दहा मिनिटे स्वस्थ ठेवावी. ओठ किंचित उघडे ठेवून ग्लास हनुवटीच्या उंचीवर आणावा आणि हळूहळू वर न्यावा. पहिला घोट केवळ जीभ सरावण्यासाठी असतो, त्यावरून काहीही लिहू नये. दुसरा घोट तोंडात फिरवून गिळला किंवा थुंकला, की तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातील मोठा भाग या परतीच्या वाटेने नाकात पोहोचणारा गंध असतो. मग काही थेंब पाणी. स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रिडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर केलेल्या प्रतिरूपणात असे आढळले की, तीव्र मद्यात ग्वायकॉल हा धुरकट गंधाचा रेणू अल्कोहोलने वेढलेला राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो. अभ्यास व्हिस्कीसंबंधी होता, पण पंचावन्न-साठ टक्क्यांच्या रमला पाणी घालून पाहणाऱ्याला त्याचा प्रत्यय येईल. रिकामा ग्लास न धुता रात्रभर तसाच ठेवून सकाळी हुंगावा, अशीही एक जुनी सवय जाणकारांत आहे आणि ती मला फार मोलाची वाटते: अल्कोहोल उडून गेलेले असते आणि तळाशी वाळलेल्या पातळ थरातून लाकूड, मळी, धूर यांतले जे खरोखर होते तेवढेच उरते.

एवढे करूनही शंभरांच्या फुटपट्टीचा प्रश्न सुटत नाही. जमैकातील हॅम्पडेनसारख्या डिस्टिलऱ्यांत आंबवण कित्येक दिवस, कधी आठवडेही चालू ठेवतात. भट्टीत मागे राहिलेला आंबट द्रव पुढच्या आंबवणात घालतात आणि त्यातून एस्टरांनी, म्हणजे फळांसारखा उग्र गंध देणाऱ्या संयुगांनी, गच्च भरलेली रम तयार होते. तिला अतिपिकल्या केळ्याचा, अननसाचा, त्याखालोखाल नखांच्या पॉलिशचा आणि खारवलेल्या ऑलिव्हचा वास येतो. हॅम्पडेनच्या सर्वांत तीव्र प्रतीत शुद्ध अल्कोहोलच्या दर शंभर लिटरमागे १६०० ग्रॅमपर्यंत एस्टर असतात, आणि ती मुख्यतः इतर मद्यात किंवा मिठाईच्या स्वादात थोडी थोडी मिसळण्यासाठी बनवली जाते. तिला नुसती पिऊन ६० गुण देणारा परीक्षक आणि ९५ गुण देणारा परीक्षक, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील. मार्टिनिकची ताज्या उसाच्या रसाची रम, जिला १९९६ मध्ये फ्रान्सचे मूळस्थानदर्शक नामांकन मिळाले, तिच्यात हिरव्या गवताचा आणि मिरीचा तिखटपणा अपेक्षितच असतो; गयानातील पोर्ट मोरंट नावाच्या लाकडी पॉट स्टिलमधून, म्हणजे एकेका खेपेने चालणाऱ्या भांड्याच्या भट्टीतून, येणारी रम जड आणि ज्येष्ठमधाच्या अंगाची असते. या तिघींना एका रांगेत उभे करून पहिली-दुसरी ठरवण्यात वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येकीला तिच्या कुळातील इतरांशी ताडून पाहिले, तर मात्र लागते. न मुरवलेल्या पांढऱ्या रमची परीक्षा नुसत्या घोटावर करणेही मला अपुरे वाटते. डायकिरीत, म्हणजे लिंबूरस आणि साखरेसोबत, ती आपले अंग टिकवते की हरवून बसते, हे पाहिल्याखेरीज तिच्याविषयी बोलू नये. तेथली साखर निदान आपण आपल्या हाताने मोजून घातलेली असते.

तेव्हा माझी विनंती अशी की, यापुढे असे गुण छापताना बाटलीवरील तीव्रता आणि हायड्रोमीटरने दाखवलेली तीव्रता शेजारी-शेजारी द्यावी, छापलेले वय किमान आहे की सोलेराचे ते सांगावे, पॉट स्टिल की सलग चालणारी उंच कॉलम स्टिल हे उत्पादकाने जाहीर केले असल्यास नोंदवावे आणि बाटल्या झाकून चाखल्या की नाही, त्या विकत घेतल्या की उत्पादकाकडून आल्या, हेही लपवू नये. आपल्या लेखकाने एका संध्याकाळी वीसहून अधिक मद्ये चाखल्याचे अभिमानाने लिहिले आहे आणि थुंकपात्राचा उल्लेख कोठेही नाही. पाच-सहा नमुन्यांनंतर, थुंकूनही, जीभ आणि नाक थकतात; त्यापुढे दिलेले गुण कोणत्या क्रमांकाच्या घोटाला दिले, तेवढे तरी पुढील अंकात प्रसिद्ध करावे.

कळावे,
आपला विश्वासू,
पुरवणीचा एक नियमित वाचक