माझ्यासाठी स्वतःचं चालू मशीन उघडणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं आपल्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं होतं. "अहो, एवढं काय केलं मी?" म्हणत तुम्ही फोन ठेवलात आणि आभार मानायचे राहून गेले. तसेही ते मला फोनवर धड जमले नसते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या घरातल्या जुन्या कॅसेटींवरचे आवाज मी साफ करतो. कुणाच्या आजीचं गाणं असतं, कुणाच्या वडिलांचं भाषण असतं, आणि त्यावर बसलेली खरखर असते. ती काढणारं सॉफ्टवेअर प्रोसेसरला अक्षरशः पिळतं. माझ्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये होता इंटेलचा चार कोअरचा, म्हणजे एका वेळी चार हातांनी काम करणारा, आय३-८१०० प्रोसेसर. एक कॅसेट साफ करायला लावली की तेवढा वेळ कॉम्प्युटरकडे नुसतं बघत बसायचं. म्हणून आठ कोअरचा आय७-९७०० घेतला. सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, तेच, एलजीए ११५१. वॅट तेवढेच, ६५. प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारा बोर्डावरचा चिपसेटही ३०० मालिकेतला. कागदावर सगळं जुळत होतं. बसवला, बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळी ती काळीच.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी मी कुणाकुणाच्या दारात उभा राहिलो, ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. आज सांगतो, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत हे इतरांना कळणार नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने आधी मशीनचा नंबर विचारला, मग माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सर, विंडोज पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलंत का?" स्क्रीनवर काहीच येत नाही असं मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. त्याच्यासमोर प्रश्नांचा कागद असणार आणि तो सोडून बोलायची त्याला मुभा नसणार, त्यामुळे त्याच्यावर माझा फारसा राग नाही. पण त्याच्या वरिष्ठांनी "हे मॉडेल या प्रोसेसरसह आम्ही विकलेलंच नाही" एवढं एक वाक्य ऐकवून मला वाटेला लावलं, त्यांच्यावर आहे. वाक्य खरं असेलही. पण मी ते विकलंत का असं विचारलंच नव्हतं. चालेल का, आणि नसेल तर का नाही, एवढंच विचारत होतो.

मग पैसे घेऊन तपासणारे. पहिल्याने मोबाइलचा टॉर्च मारला, सॉकेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, "पिना वाकल्यात. बोर्ड गेला." दुसऱ्याने मशीन चालू करून पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "बोर्ड ठणठणीत आहे, प्रोसेसर जळालाय." एकाच डब्याबद्दल दोन निकाल, आणि दोघांच्या आवाजात तसूभरही शंका नाही. दोघांचा सल्ला मात्र एकच होता, नवीन कॉम्प्युटर घ्या. त्या बाबतीत त्यांचं एकमत पाहून मला हसूच आलं. हसू नंतर आलं म्हणा, तेव्हा नाही.

तुमचा नंबर ओळखीच्या ओळखीतून मिळाला. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीनं सांभाळतात, एवढीच माहिती होती. तुम्ही आधी सॉकेटचा फोटो मागितलात. मी पाठवला. मला वाटलं, आता तिसरा निकाल येणार. तुमचं उत्तर आलं, "फोटोवरून मला नक्की सांगता येत नाही. थोडं थांबा, बघून सांगते."

या वाक्यावर मी तेव्हाच अडखळलो होतो. बघून सांगते म्हणजे कुठे बघून? सॉकेट तर माझ्या टेबलावर होतं.

बऱ्याच वेळाने एक फोटो आला. दुसऱ्याच एका सॉकेटचा, मी पाठवला होता अगदी त्याच कोनातून, तसाच बाजूने उजेड पाडून काढलेला. त्यावर एका जागी तुम्ही गोल काढला होता. माझ्या फोटोत जिथे पिना तिरक्या दिसत होत्या, बरोबर तिथेच. खाली लिहिलं होतं, "माझाही असाच दिसतो. आणि माझा चालतो."

तो तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा सॉकेट होता. रोज वापरात असलेल्या, काहीही न बिघडलेल्या कॉम्प्युटरचा. तुम्ही तो बंद केलात, कव्हर काढलंत, कूलरचे स्क्रू सोडवलेत, प्रोसेसर उचलून बाजूला ठेवलात आणि फोटो काढलात. का, तर एका अनोळखी माणसाला अंदाजाने उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून. सॉकेटमधल्या अर्ध्या पिना एका दिशेला झुकलेल्या असतात आणि उरलेल्या उलट दिशेला, त्यामुळे उजेड दोन्हीकडे वेगवेगळा पडतो आणि मधल्या सांध्यावर काहीतरी मोडल्यासारखं वाटतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. टॉर्चवाल्याने तो सांधा पाहिला होता आणि बोर्डाचं मर्तिक उरकून टाकलं होतं.

कूलर एकदा उचलला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी आधीची थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी ओशाळून म्हटलं, "ताई, माझ्यापायी तुमची पेस्ट वाया गेली." तुम्ही म्हणालात, "बरं झालं, सुकलीच होती. मी नुसती आळस करत होते." सुकली होती की नव्हती, देव जाणे. पण मदत करताना तिचं वजन समोरच्याच्या खांद्यावर पडू नये, याचीही काळजी घेणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत. बरेच लोक मदत करतात आणि सोबत पावती देतात. तुम्ही उलट मीच तुमचं काहीतरी काम मार्गी लावल्यासारखं दाखवलंत.

पुढचं सगळं तुमच्या दृष्टीने सोपं होतं. जुना आय३ परत बसवायला लावलात, आणि मेलेला म्हणून घोषित झालेला बोर्ड निमूट चालू झाला. बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची, तारीख वाचून दाखवायला सांगितलीत. २०१८ मधली होती. "तुमचा प्रोसेसर २०१९ मध्ये बाजारात आला. त्याच्या आधीच्या बायोसने त्याला ओळखायचं कसं?" तुम्ही एवढंच म्हणालात आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बोर्ड चांगला होता, प्रोसेसर चांगला होता, फक्त दोघांची ओळख करून द्यायची राहिली होती. ११५१ आकडा जुळला म्हणून सगळं जुळलं असं नसतं, हेही तेव्हाच समजलं. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर याच आकड्याच्या सॉकेटात बसतात, पण माझ्या बोर्डावर चालणार नाहीत. बसणं वेगळं, चालणं वेगळं.

बायोस अपडेट करण्याआधी तुम्ही विचारलंत, "ड्राइव्हला बिटलॉकर लावलाय का? असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, आणि अपडेटपुरता तो थांबवून ठेवा." लावलेला होता. ड्राइव्हवरच्या फायलींना विंडोजने लावलेलं ते कुलूप, बायोस बदलला की ते ही की मागू शकतं. मला पत्ताच नव्हता, मशीनबरोबरच आलेला. त्या ड्राइव्हवर दुसऱ्यांच्या आई-वडिलांचे आवाज आहेत, ताई. पैसे घेऊन मशीन उघडणाऱ्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

अपडेट चालू असताना तुम्ही फोनवरच थांबलात. बोलायला काही नव्हतं. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो, हे तुम्हालाही माहीत होतं आणि तोवर मलाही कळलं होतं. तुमच्याकडून वह्या तपासल्याचा, पानं उलटल्याचा आवाज येत होता. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही वेळ काळी राहील, मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होईल, रॅमची जुळवाजुळव चाललेली असते, घाबरून बटण दाबू नका, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. नाहीतर मी नक्कीच दाबलं असतं.

मग आठही कोअर दिसले. मी ओरडलो, ते तुम्ही ऐकलंतच.

आणखी एक. मी उत्साहात विचारलं की आता मोठा कूलर घेऊ का, नवा पॉवर सप्लाय घेऊ का. तुम्ही म्हणालात, "आत्ता काही घेऊ नका. ६५ वॅट हा आकडा बेस स्पीडचा आहे, टर्बोला, म्हणजे जोरात पळताना, तो जास्त खाईल, छोटा पंखा आवाज करेल, फार तापला तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करेल. महिनाभर वापरा, त्रास झाला तर बघू." मला काहीतरी विकत घ्यायला लावण्याची संधी आयती समोर आलेली असताना ती न घेणारा माणूस या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदाच भेटला. पंखा आवाज करतो, खरंच. कॅसेट साफ करताना मी हेडफोन लावलेला असतो, त्यामुळे चालतं.

तुम्हाला वाटेल, चांगल्या कामाचं एवढं कौतुक कशाला, ते तर करायलाच हवं. मान्य. पण "मला नक्की माहीत नाही" हे म्हणायला ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांच्या हातात लोकांची मशीनंच नाहीत, बरंच काही असतं. तुमच्या लॅबमधली मुलं नशीबवान आहेत. ती चुकीची वायर जोडतील तेव्हा त्यांच्यावर ओरडायच्या आधी तुम्ही वाकून बघत असणार, याची मला खात्री आहे.

आता माझी एक विनंती. तुम्ही पैसे घेणार नाही, हे कळलं आहे. थर्मल पेस्टची एक नळी मात्र घ्यावी लागेल, ती तुमची माझ्याकडे उधार आहे. आणि तो आय३-८१०० माझ्याकडे नुसता पडून आहे. लॅबमध्ये ३०० मालिकेच्या बोर्डावर एखादा सेलेरॉन किंवा पेंटियमसारखा साधा प्रोसेसर रडतखडत चालत असेल, तर त्याच्या जागी लावा. दोन्ही एकाच पाकिटात पाठवतो, फक्त पत्ता कळवा. बसवण्याआधी बायोसची तारीख तेवढी बघा, म्हणजे हे मी तुम्हाला सांगतोय!

तुमचा,
कॅसेटवाला