घाट, जिप्सी आणि तुझं ते पेडल

मोर्शी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय गड्या,

मंगळवारी जिप्सीच्या ब्रेकसाठी तुझा फोन आला तेव्हा मी घाईत "ब्रेक ऑइल टाकून पाहा" म्हटलं आणि ठेवून दिला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. "दोनदा पाय मारला की लागतो ब्रेक, चालतंय," असं तू म्हणालास. ते चालत नाही रे. मागे सहा माणसं बसवून तू चिखलदऱ्याहून धामणगाव गढीच्या अंगाने घाट उतरतोस. दुसऱ्यांदा पाय मारायला तिथे वेळ मिळेलच असं नाही. वर तुझं नेटवर्क तीन वाक्यांत जातं, म्हणून सगळं लिहूनच काढतोय. हा कागद गाडीतच ठेवजो आणि मिस्त्रीलाही दाखवजो.

माझे गुडघे ठीक आहेत. आईची शुगर आटोक्यात आहे.

आधी एक सांग, पेडल मऊ झालं ते पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) काढून बसवल्यानंतरच ना? तसं असेल तर बाकी काही उघडायच्या आधी पुढची दोन्ही चाकं काढ आणि कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल कुठे आहे ते पाहा. ते सगळ्यात वर पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली जातं. बोल्ट बरोबर बसतात, पॅड बरोबर बसतात, गाडी चालतेसुद्धा. पण हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि खालच्या निपलातून नुसतं ऑइल येत राहतं. डबाभर ऑइल गेलं तरी पेडल पोळीच्या पुरणात बोट जावं तसंच जातं. मिस्त्री म्हणतो मास्टर (पेडलमागचा ऑइल ढकलणारा सिलिंडर) गेला, आणि नवीन मास्टर टाकूनही फरक पडत नाही. अदलाबदल झालेली दिसली तर कॅलिपर आपापल्या जागी बसव आणि होजच्या (रबरी पाइपच्या) बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंना नवे टाक. जुने परत वापरले की तिथूनच पाझर सुरू होतो.

निपल वरच असेल तर मग पायाने तपासायचं. इंजिन बंद करून चार-पाचदा पेडल दाब, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. आता एकसारखा जोर देऊन अर्धा-एक मिनिट पाय तसाच धर. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर ऑइल कुठूनतरी निसटतंय. टाकीतली पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे: मागचा ड्रम काढून व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहा, पाइपांचे जोड पाहा, मास्टर आणि बूस्टरच्या मधला रंग फुगून सुटलाय का तेही पाहा. पातळी जशीच्या तशी आणि तरी पेडल बसतंय, तर मास्टरच्या आतला रबरी वॉशर ऑइल मागे सोडतोय. तो बाहेरून कधीच दिसत नाही.

पेडल सरकत नाही, पण पहिला दाब खोल जातो आणि दुसऱ्याला वर येतो, ही तुझी तक्रार. इथे नीट लक्ष दे. दुसऱ्या दाबाला पेडल वर येऊन दगडासारखं कडक झालं, तर हवा नाही; मागच्या लायनर (ड्रमला घासणारा थर) आणि ड्रममधली फट वाढलीय. वर येऊनही स्प्रिंगसारखं लवत असेल तर हवा. फटीची आणखी एक खूण: हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून पेडल दाब. पेडल उंच लागलं तर मागचे ब्रेक टाइट करायचे आहेत. पण हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालत असेल तरच हे खरं. बापूंच्या जुन्या जीपला तो गिअरबॉक्समागे शाफ्टवर होता, तिथे ही युक्ती काही सांगत नाही. (हो, तीच जीप. तुझ्या जिप्सीपेक्षा ती चढाला भारी होती, हे मी आजही म्हणतो. भांडायचं तर समोर भांडू.)

आणि तुमच्या त्या दगडगोट्यांच्या रस्त्यावरून आल्यावरच पहिला दाब खोल जात असेल, एरवी नाही, तर पुढचं चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलव. बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) ढिलं असलं की डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. तिथे हवा काढून उपयोग नाही.

होज पाइपही विसरू नकोस. कुणालातरी पेडल जोरात दाबायला लावून तिन्ही रबरी होजवर हात ठेव. हाताखाली फुगवटा जाणवला, किंवा बेंडाजवळ बारीक चिरा दिसल्या, तर तिन्ही बदल.

हवा काढताना घाई नको. मास्टर उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं, असं जायचं. निपलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडव. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच पाय उचलायचा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. कॅलिपरवर लाकडी हातोडीने हलके ठोके दे, चिकटलेले बुडबुडे सुटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवजो. जुन्या मास्टरमध्ये रोज जिथवर वॉशर जातो त्याच्या पुढे गंज असतो. पेडल तळापर्यंत मारलं की वॉशर त्या गंजावर फाटतो, आणि सकाळपर्यंत चांगला असलेला मास्टर संध्याकाळी जातो.

ऑइलचं आपलं जुनं भांडण आज संपवूच. तू म्हणतोस, उघडा डबा वर्षभर ठेवला तर काय बिघडतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नकोस. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी ओढल्यावर १४०ला. डॉट ४ कोरडं २३०ला, ओलं १५५ला. उतारावर ब्रेक तापले की ऑइल उकळून वाफ होते आणि वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो. खाली येऊन चहा प्यायलास, गाडी थंड झाली की पेडल परत चांगलं. असं कधी झालंय का, हे खरं सांग. झालं असेल तर जुनं ऑइल पूर्ण काढ. डॉट ४ घाल, सीलबंद डब्यातलंच, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदल. इंजिन ऑइल, डिझेल यांचा एक थेंबही त्या टाकीत नको, रबर फुगतं.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीला अमरावतीला हॉस्टेल मिळालं का? इकडे संत्र्याची गळ सुरू आहे, ते भेटल्यावर सांगतो.

रविवारी पहिल्या एसटीने येतो. डॉट ४चे अर्ध्या लिटरचे दोन डबे, नळी, तांब्याचे वॉशर आणि रिंग पाने माझ्याकडे आहेत. तू फक्त जॅक आणि गाडीखाली लावायला दोन भक्कम लाकडी ठोकळे काढून ठेव. तोवर गाडी खाली उतरवू नकोस. पर्यटकांचा आगाऊ घेतलेला पैसा परत करावा लागला तर कर, मी भरतो. गावात हलवावीच लागली तर एकटा, दुसऱ्या गिअरमध्ये. डांबरावर फोर-व्हील लावू नकोस, त्याने ब्रेक सुधारत नाही, उलट शाफ्टवर ताण येतो.

पत्र मिळालं की टेकडीवर जाऊन एक मिस कॉल दे. निपल वर असेल तर एक, खाली असेल तर दोन.

तुझाच