धनेशाला संत्रं का देत नाहीत

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा प्रश्न होता, पाखरांना दाणे टाकायला सिंगापूर कशाला गाठायचं? आणि आईचा, चोच मारली तर काय? फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मी पक्षी सांभाळते ते सिंगापूरच्या मंडाई भागातलं पक्षी उद्यान, बर्ड पॅरडाइज, मे २०२३ मध्ये उघडलं. त्याआधी १९७१ पासून जुरोंगला पार्क होतं, ते बंद करून तिथले पक्षी इकडे आणले. उंच जाळीखाली झाडं-पाण्यासकट मोठमोठे भाग केलेत आणि लोक त्यांतून चालत जातात.

दाण्यांचं म्हणाल, तर माझ्याकडच्या पक्ष्यांच्या ताटात दाणे नसतातच. माझ्याकडे धनेश आहेत, आपल्या वडा-उंबरांवर येणाऱ्या काळ्यापांढऱ्या धनेशाचे भाऊबंद. धनेश, टूकन (तसाच मोठ्या चोचीचा अमेरिकेतला पक्षी) आणि मैना यांचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि ते यकृतात साठत जातं. बाहेरून पत्ता लागत नाही. पक्षी खातो-पितो आणि एक दिवस खाली पडलेला सापडतो. म्हणून त्यांच्या कोरड्या गोळीखाद्यात लोह किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागतं. संत्रं, मोसंबी, टोमॅटो बंद, कारण त्यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आई, रक्त कमी असलं की तू पालेभाजीवर लिंबू पिळायला लावतेस ना, त्याच कारणाने इथे लिंबाला बंदी. केळं, सफरचंद, द्राक्षं, नासपती चालतात. धनेश घास हवेत उडवून अख्खा गिळतो, त्यामुळे तुकडे साधारण दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. बाजारातलं फळ रानफळापेक्षा फार गोड आणि कमी चोथ्याचं, म्हणून नुसत्या फळांवर ठेवता येत नाही. खाण्याच्या जागाही एकमेकींपासून लांब लागतात. एकाच पक्ष्याला दोन थाळ्यांवर पहारा देता आला, की दबलेला पक्षी उपाशी राहतो आणि थाळ्या मात्र रिकाम्या दिसतात.

खरं काम बघण्याचं आहे. रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी मारला जातो, म्हणून पक्षी आजार लपवतो. तो फुगून, डोळे मिटून बसलेला दिसला तर बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो. पिसांमुळे वाळलेला पक्षीही गुबगुबीत वाटतो. म्हणून त्यांना खाऊ दाखवून वजनकाट्याच्या दांडीवर बसायला शिकवतात. तीन किलोच्या धनेशाचं वजन ३०० ग्रॅमने उतरलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. शंभर ग्रॅमच्या मैनेत तोच धोका दहा ग्रॅमवर येतो. विष्ठेत घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी वेगवेगळं बघायचं. पांढरा भाग हिरवट-पिवळा झाला की पहिला संशय यकृताचा. पाय तपासायचे. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या असल्या तर तळव्याच्या त्याच जागी भार पडून फोड येतो, पुढे जखम हाडापर्यंत जाते. औषधापेक्षा वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट फांद्या लावणं स्वस्त.

विणीच्या दिवसांत मात्र हात आवरायचे. मादी ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा नि फळांच्या गराने दार लिंपून घेते. फक्त उभी फट उरते, तिच्यातून नर खाऊ देतो. माझ्याकडच्या जातीत ती पिल्लांबरोबरच, तीन महिन्यांच्या आसपास बाहेर येते. आपण ओली चिकणमाती हाताशी ठेवायची, ढोली म्हणून लावलेल्या लाकडी पेटीत छोटा कॅमेरा आधीच बसवायचा आणि नराच्या फेऱ्या मोजायच्या. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली की किडे, उंदीर असा मांसाहार वाढवायचा. फेऱ्या अचानक घटल्या तर आधी नराची प्रकृती बघायची, पेटी उघडायची नाही. जोडी मात्र त्यांनीच जमवायची. जाळीच्या दोन बाजूंना ठेवून, एकमेकांना खाऊ देऊ लागले तरच दार काढतात. जबरदस्तीने एकत्र केलेल्या जोडीत नराने मादीला ठार केल्याची उदाहरणं आहेत. पत्रिका जुळवण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते.

आई, चोचीचं. धनेश हाताळताना आधी चोच धरायची, मग पंख अंगाशी. छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वास ओढणारा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास जातो. घट्ट धरलं तर नाक-तोंड मोकळं असूनही जीव गुदमरतो. आणि मी एकटी पकडत नाही, दोघं लागतात.

मला स्वतःला काळजी वाटते ती सुक्या विष्ठेची. पोपटांच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आधी भिजवायचं, मग खरवडायचं, मास्क लावून. कोरडा झाडू नाही. जंतुनाशक त्यानंतर. एक टक्क्याचं करायचं तर लिटरला दहा ग्रॅम पावडर आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं, म्हणून घासणं पहिलं.

गणपतीला येईन तेव्हा खुराड्याकडे फिरकणार नाही, राग मानू नका. पक्ष्यांत काम करणाऱ्याने घरच्या कोंबड्यांपासून लांब राहावं, कारण बर्ड फ्लू आणि मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) चपला-कपड्यांवरून दोन्हीकडे जातात. बाबा, मानमोडीची लस राहिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ती पावसाळ्याआधी उरकून घ्या, आणि लस बर्फावर ठेवूनच घरी आणा.

तुमची,
मुग्धा