काशगरची वकिलात: हेरगिरी थोडी, कारकुनी फार

प्रति,
संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत चीनच्या पश्चिम टोकाला, शिनजियांग प्रांतात असलेल्या काशगरच्या ब्रिटिश वकिलातीवर आलेला लेख आवडीने वाचला. मध्य आशियाबद्दल मराठीत मुळात लिहितो कोण, त्यामुळे लेखकाचे आभार आधी मानतो. पण लेखभर हेर, वेषांतर आणि रशिया-इंग्लंडचे डावपेच यांचीच गर्दी झाली आहे. टपाल खात्यात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला अशा आडजागेबद्दल वेगळेच प्रश्न पडतात. तिथे डाक कशी पोहोचायची? दप्तर कोण लिहायचे? पगार कोणाच्या तिजोरीतून निघायचा? या तिन्हींची उत्तरे शोधत गेलो की वकिलातीचे चित्र बरेच बदलते, आणि शेवटी त्यात एक मराठी माणूसही उभा दिसतो. लेखात त्याचा उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

जॉर्ज मॅकार्टनी १८९० मध्ये फ्रान्सिस यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याचा दुभाषा म्हणून काशगरला गेला. वडील स्कॉटिश, आई चिनी, जन्म नानकिंगचा. यंगहजबंड पुढच्या वर्षी परतला, मॅकार्टनी मात्र १९१८ पर्यंत तिथेच राहिला. चीनशी झालेल्या तहांमुळे रशियाला काशगरात कॉन्सल ठेवण्याचा हक्क मिळालेला होता. त्यांचा निकोलाय पेत्रोव्स्की कॉसॅक शिपायांच्या पहाऱ्यात राजासारखा राहत असे. मॅकार्टनीकडे असला कुठलाच अधिकार नव्हता. त्याचा हुद्दा होता 'काश्मीरच्या रेसिडेंटचा चिनी कामकाजापुरता खास सहायक', आणि चिनी सरकारने त्याला कॉन्सल म्हणून मान्यता दिली ती थेट १९०८ साली. तोवरची सतरा-अठरा वर्षे या गृहस्थाने निव्वळ चिनी दाओताईच्या (म्हणजे तिथल्या प्रांताधिकाऱ्याच्या) ओळखीवर आणि स्वतःच्या शांत स्वभावावर ढकलली. पेत्रोव्स्की त्याच्याशी कित्येक महिने बोलतही नसे. काशगरात तेव्हा खिडक्यांना कागद लावत. पेत्रोव्स्कीने एकदा खुशीत येऊन मॅकार्टनीला खिडकीची एक काच दिली आणि पुढे कशावरून तरी बिनसल्यावर ती परत मागवून घेतली. दोन साम्राज्यांची बुद्धिबळाची चाल वगैरे म्हणतात ती जागेवर अशी दिसायची. आपल्याकडच्या वाड्यांतली भाडेकरूंची भांडणे याहून फार वेगळी नसत.

आता इलाखा किती, ते पाहू. तकलामकान वाळवंटाच्या कडेकडेने काशगर, यारकंद, खोतान अशी मरूद्यानांची माळ. काशगरहून यारकंद पाच दिवसांच्या मजलांवर, खोतान तर पाचशे किलोमीटरवर. या सगळ्या पट्ट्यात ब्रिटिश प्रजा म्हणवणारे लोक विखुरलेले: पंजाबी व्यापारी, काश्मिरी, बाल्टी, सिंधी सावकार. कॉन्सल एकटा जाणार कुठे कुठे? म्हणून गावोगावी तिथल्याच व्यापाऱ्यांमधून एकेक अक्सकाल, म्हणजे मुखिया, नेमलेला असे. ब्रिटिश प्रजेची नोंद ठेवणे, बारीकसारीक तंटे मिटवणे, वाटेत मेलेल्या व्यापाऱ्याचा माल वारसांसाठी राखून ठेवणे, आलेल्या-गेलेल्या काफिल्यांची खबर काशगरला कळवणे ही त्याची कामे. एरवी तो आपले दुकानच चालवायचा. आपल्याकडचा जुन्या काळचा गावचा पाटील डोळ्यांपुढे आणावा.

या दप्तरातले एक काम निर्विवाद पुण्याचे. हुंझा, चित्रळ, गिलगिट या काश्मीरपलीकडच्या डोंगराळ भागांतून पळवून आणलेली माणसे यारकंदच्या बाजूला गुलाम म्हणून राबत होती. ती मुळात ब्रिटिश छत्राखालच्या मुलखातली, या आधारावर मॅकार्टनीने चिनी अधिकाऱ्यांच्या मागे लागून १८९० च्या दशकात त्यांतल्या शेकडो जणांना सोडवले.

दुसरे काम मात्र सांगायला आपल्यालाच अवघड वाटावे असे आहे. काशगर इलाख्यातले सावकार बहुतांशी सिंधमधल्या शिकारपूरचे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होते, म्हणजे एका अर्थाने ही आपल्याच इलाख्याची मंडळी. हे लोक तिथल्या उइगुर शेतकऱ्याला भरमसाठ व्याजाने कर्ज देत. घरातली भांडी, अंगावरचे कपडेसुद्धा गहाण पडत. वसुली थकली की सावकार वकिलातीचे दार ठोठावी, कारण तो ब्रिटिश प्रजा! मग कॉन्सलने चिनी अधिकाऱ्याकडे जाऊन त्याची बाजू मांडायची. मॅकार्टनीला हे लोक मनापासून नकोसे होते आणि त्यांच्या व्याजाला आवर घालायची खटपटही त्याने केली, पण त्यांना झिडकारणे त्याच्या अधिकारात नव्हते. त्या सावकारांशिवाय वकिलातीची प्रजा ती काय उरणार? १९२० च्या शाही हुकुमाने कॉन्सलला ब्रिटिश प्रजेपुरते न्यायाधीशाचे अधिकार मिळाले, तेव्हा ही कटकट आणखी वाढली असणार. १९३३ च्या उठावात काही हिंदू सावकार मारले गेले. आपल्या लेखात हे 'धर्मांध जमावाचे कृत्य' म्हणून एका वाक्यात उरकले आहे. खुनाचे समर्थन कोणीच करणार नाही. पण दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांच्या होळ्या का केल्या, हे शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला यारकंदच्या शेतकऱ्याचा राग तरी समजावा.

माल काय होता, तेही सांगण्याजोगे आहे. आपल्याकडून कापड, मसाले, चहा, पोवळी जात. तिकडून रेशीम, नमदे (लोकरीची जाड बैठकी) आणि चरस येत असे. चरस हा तेव्हा कायदेशीर माल होता. यारकंदहून घोड्यांवर लादून लेहला येई, तिथल्या सरकारी गोदामात उतरे आणि कर भरून पंजाबात विकला जाई. पांढरपेशा इतिहासात याला फारशी जागा मिळत नाही.

आता माझ्या खात्याचा विषय. काशगरची डाक गिलगिटवरून जायची. हुंझाचे हरकारे पाठीवर थैली घेऊन मिंटका खिंड ओलांडत. ती ४७०० मीटरवर, म्हणजे सह्याद्रीच्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर. पुढच्या काळात खिंडीच्या अलीकडच्या मिसगर गावापर्यंत तारेची लाइन आली. हिंदुस्थानची ती शेवटची तारकचेरी. सिमल्याहून निघालेली तार मिसगरला काही मिनिटांत पोहोचायची आणि तिथून पुढे माणसाच्या पायांवर, बर्फ-वाऱ्यातून, दिवसेंदिवस. रशियाच्या ओशमार्गे जाणारी डाक पुष्कळ जलद होती, पण ज्या रशियावर नजर ठेवायची त्याच्याच थैलीत गोपनीय कागद घालणार कोण? म्हणून सगळा भरवसा हुंझाच्या त्या माणसांवर. दुसरी वाट लेहहून काराकोरम खिंडीची, ५५०० मीटरच्या वरची. व्यापारी काफिले तिकडून जात आणि मेलेल्या घोड्यांच्या हाडांवरून रस्ता ओळखत. डाकेच्या कामाला ती वाट कधीच सोयीची नव्हती.

आणि दप्तर लिहिणारे? पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन १९०६ साली काशगरला आला, तेव्हा मॅकार्टनीने त्याला च्यांग नावाचा एक चिनी मुन्शी शोधून दिला. पुढच्या वर्षी चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेतल्या प्राचीन पोथ्या तिथल्या वांग नावाच्या ताओ पुजाऱ्याकडून मिळवण्याची सगळी बोलणी या च्यांगने केली. रात्रीच्या रात्री पोथ्यांचे गठ्ठे स्वतः वाहून त्यानेच स्टाइनच्या तंबूत आणले. त्या पोथ्या गेल्या ते योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. च्यांग नंतर वकिलातीतच चिनी कारभाराचा मुन्शी झाला आणि मरेपर्यंत तिथे राहिला. स्टाइनला 'सर' मिळाले. च्यांगचे नाव आपल्या लेखातही नाही.

त्याच काळातली इस्लाम अखून याची गोष्ट लेखकाने कशी सोडली, याचे तर नवलच वाटते. खोतानच्या या पठ्ठ्याने मॅकार्टनीला आणि त्याच्या साथीदाराने पेत्रोव्स्कीला 'अज्ञात लिपीतल्या' पोथ्या विकल्या. कलकत्त्यात प्राचीन लिप्यांचे अभ्यासक डॉ. हर्नले बिचारे त्यांच्यावर वर्षानुवर्षे डोके घालत बसले. १९०१ मध्ये स्टाइनने उलटतपासणी घेतल्यावर इस्लाम अखूनने कबूल केले की अक्षरे मनची आणि कागद धुरावर धरून जुना केलेला. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन साम्राज्यांच्या वकिलांना एकाच खेडुती टोळीने गंडा घातला!

पुढच्या कॉन्सलांविषयी लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही. १९३४ मध्ये वकिलातीवर गोळीबार झाला आणि कॉन्सलच्या पत्नीला गोळी लागली. त्यानंतरच्या काळात रशियाच्या पाठबळावर शिनजियांगचा सत्ताधीश शेंग शि-त्साय याने हिंदी व्यापाऱ्यांचे जगणे मुश्कील केले. शेवटचा ब्रिटिश कॉन्सल जनरल गिर्यारोहक एरिक शिप्टन. तो १९४८ मध्ये निघाला.

त्यानंतर काशगरला स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून गेले कॅप्टन राम साठे. पुढे चीनमधले आपले राजदूत आणि १९७९ ते १९८२ परराष्ट्र सचिव झालेले रा. द. साठे ते हेच. त्यांची अडचण माझ्यासारख्या टपालवाल्याला लगेच कळते. १९४७ च्या नोव्हेंबरात गिलगिट पाकिस्तानकडे गेले, म्हणजे पन्नासेक वर्षे बसवलेली डाकेची वाट एका फटक्यात परक्या देशातून जाऊ लागली. उरली ती लेहची वाट, वर्षातले मोजके महिने उघडी. १९४९ च्या सप्टेंबरात शिनजियांग कम्युनिस्टांच्या हाती आले आणि तो मुलूख बाहेरच्यांना बंद होत गेला. व्यापारच उरला नाही, त्यामुळे आपल्या कॉन्सलला तिथे काम नव्हते, अशा अर्थाचे निवेदन पुढे पंडित नेहरूंनी संसदेत केले. अक्साई चीनमधून जाणारा चिनी रस्ता याच शेजारच्या मुलखातून निघाला, हे लक्षात घेतले तर काशगरची खिडकी मिटल्याची किंमत आपण किती मोजली याचा हिशेब अजून मांडायचा राहिला आहे, असे मला वाटते. वकिलात टिकली असती तर चीनने रस्ता केला नसता, असा माझा दावा नाही. निदान खबर वेळेवर लागली असती.

माझी विनंती एवढीच. वकिलात बराच काळ हिंदुस्थानच्या पैशावर चालली, त्यामुळे तिथून येणाऱ्या बातमीपत्रांचे आणि पत्रव्यवहाराचे गठ्ठे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर बरेच कागद घरबसल्या पाहता येतात. आपल्या लेखकाने पुढचा लेख त्यावरून लिहावा आणि त्यात साठे यांच्या काशगरमधल्या दिवसांना निम्मी जागा द्यावी. परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले कितीतरी मराठी अधिकारी पुण्या-मुंबईत आहेत, त्यांपैकी कोणी साठे यांच्याकडून त्या दिवसांबद्दल ऐकले असेल तर तेही छापावे. आणि १९४७ नंतर काशगरहून भारतात आलेले एखादे टपालाचे पाकीट कोणा वाचकाच्या संग्रहात असेल, तर त्यावरच्या शिक्क्यांचे स्पष्ट छायाचित्र कृपया आपल्याकडे पाठवावे. ते पाकीट कुठल्या वाटेने आले, हे त्या शिक्क्यांवरून सांगता येईल. ते काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
सांगली