आमच्या गायनॅक युनिटच्या मॅडमना

प्रिय मॅडम,

निकाल लागला, पास झाले. फोन केला असता तर "बरं, छान" म्हणून तुम्ही ठेवून दिला असता, म्हणून चारचौघांत लिहितेय.

गर्भाशयाचे आजार म्हणजे आम्हाला तक्त्यांचा डोंगर वाटायचा. तुम्ही पुस्तक मिटायला लावायचात आणि केस टाकायचात. "वय ५५, पाळी जाऊन ५ वर्षं झाली, एकदाच डाग दिसला. पुढे काय?" कुणी हार्मोन्सची गोळी म्हटलं की तुमची भुवई वर! अशा बायकांमध्ये बहुतेकदा गर्भाशयाचं अस्तर सुकल्याचंच कारण निघतं, पण ते नंतर. आधी एंडोमेट्रियमचा, म्हणजे त्या अस्तराचा, कॅन्सर नाही हे सिद्ध करायचं. योनिमार्गे सोनोग्राफीत अस्तर ४ मिमी किंवा कमी असेल तर पहिल्या खेपेला थांबता येतं. त्याहून जाड असेल किंवा पुन्हा अंगावरून गेलं, तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

दुसरी केस तर आमच्या बॅचमध्ये गाजली. संबंधानंतर रक्त जातंय, स्पेक्युलम (आतलं पाहायचं साधन) लावलं तर गर्भाशयमुखावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ. अर्धा वर्ग एका सुरात "पॅप स्मिअर!" म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून केलेली चाळणी तपासणी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "चाळणी लावतात ती वरून निरोगी दिसणाऱ्यांना. गाठ समोर दिसतेय, तर तुकडा घ्या." सडलेल्या, सुजलेल्या भागावरचा स्मिअर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून पंच बायोप्सी. एमसीक्यूत, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांत, असे चारही पर्याय किती साळसूद चेहऱ्याने बसलेले असतात!

फायब्रॉइडला, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठीला, तुम्ही फार वेळ दिला नाहीत. किती मोठा यापेक्षा कुठे बसलाय ते विचारा, एवढंच. अस्तराखालचा छोटासाही भरपूर रक्तस्राव करतो, बाहेरच्या बाजूचा मोठा असूनही गप्प राहू शकतो. सगळीकडून सारखं वाढलेलं, दाबल्यावर दुखणारं गर्भाशय असेल तर अॅडेनोमायोसिस, म्हणजे अस्तर स्नायूत शिरणं, आठवा.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्टेजिंगवर, म्हणजे तो किती पसरलाय ते ठरवण्यावर, मात्र तुम्ही घाम काढलात. गुदमार्गे तपासून पॅरामेट्रियम, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊती, चाचपल्याशिवाय स्टेज सांगायची नाही, हा तुमचा दंडक. तिथे पसरला की स्टेज टू-बी. मग रॅडिकल हिस्टरेक्टॉमीचा (आजूबाजूच्या ऊतींसह गर्भाशय काढण्याचा) हट्ट सोडून रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. मूत्रपिंड फुगलं असेल तर थ्री-बी. लसिकाग्रंथींसाठीची थ्री-सी ही २०१८ च्या फिगोत (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या वर्गीकरणात) आली, जुन्या आवृत्तीच्या पुस्तकांत सापडणार नाही, हेही तुम्हीच बजावलंत. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं आणि मी उत्तर देताना तुमच्यासारखंच हात हवेत फिरवून श्रोणी (ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा) काढली. त्यांना हसू आलं, पण मार्क दिले.

मनापासून आभार, मॅडम. एक विचारायचं राहिलं: तुमच्या केसेस लिहिलेली माझी वही ज्युनिअर्स झेरॉक्सला मागताहेत. देऊ का?

तुमची विद्यार्थिनी