मागाच्या खोलीवरचा गळका पत्रा

शारजा, २० मे

ती. दादास सा. न.

मागाच्या खोलीचे सातही पत्रे बदलायचे म्हणतोस, ते इतक्यात करू नको. पत्रा शाबूत असेल तर बहुतेक गळती पत्रा खालच्या अँगलला (आडव्या लोखंडी पट्टीला) धरणाऱ्या हुकाच्या भोकातून असते. आपल्याकडच्या उन्हात पत्रा दिवसा ताणतो, रात्री आखडतो. त्या ओढाताणीत भोकावरचा वायसर (रबरी चकती) चिरतो आणि भोक मोठं होतं.

थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून उताराने येतं आणि अँगलपाशी टपकतं. मेन स्विच बंद कर, सुताचे बीम (सूत गुंडाळलेले रूळ) झाक, एकाला खोलीत उभं कर आणि वळचणीपासून हळूहळू वर पाइपने पाणी मारत जा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं, काही कळत नाही. चढताना पाय हुकांच्या रांगेवरच ठेव, खाली अँगलचा आधार असतो. गंजलेल्या जागी फळी टाक.

सात पत्रे, चार अँगल, प्रत्येक पत्र्याला दर अँगलवर तीन हूक म्हणजे ८४. शंभर वायसर आण, पण ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या) रबराचे. ट्यूब कापून केलेले उन्हाने लवकर कडक होतात. रबर कडेने जरासं फुगेल इतकंच आवळ. जास्त आवळलं की पत्र्याला खळगा पडतो आणि पाणी तिथेच साचतं. एखादा हूक पत्र्याच्या खोलगट भागात असेल तर ते भोक बुजव आणि उंचवट्यावर नवं पाड.

भोकं बुजवायचं सिलिकॉन 'न्यूट्रल' लिहिलेलंच माग. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातलं आम्ल पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं. सिमेंट पत्र्याला धरत नाही. डांबर तर लावूच देऊ नको, उन्हात ओघळतं आणि मग त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

गंजाचं बारीक भोक तारेच्या ब्रशने घास, प्रायमर मार, वाळल्यावर बुटाइल टेप (रबरी चिकटपट्टी) लाव, भोकाबाहेर चारी बाजूंना दोन-दोन इंच. हे सकाळी ऊन चढायच्या आत कर. मोठं भोक असेल तर पत्र्याचा तुकडा सिलिकॉनच्या अखंड रेघेवर बसवून रिव्हेट मार.

वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढ, त्यांच्याखाली ओल राहून गंज धरतो. त्याऐवजी कडेला जादा हूक मार.

मृगाआधी निदान वायसर तरी होऊ दे. आईला सा. न.

तुझा धाकटा भाऊ