बोहारीण आणि रविवारचा घाट

सातारा, गुरुवार रात्र

प्रिय शुभे,

आधी शिव्या घाल. पाच महिने फोन नाही, आणि तुझ्या वाढदिवसाला नुसतं फुलांचं फॉरवर्ड. मी बरी, आईंचं बीपी बरं, ह्यांची पाठ होती तशीच. झालं.

रविवारी घाटातली शर्यत आहे गं. एकवीस किलोमीटर, त्यातले निम्मे चढाचे. पलंगावर तीन ढीग मांडलेत: ऊन पडलं तर हा, पाऊस लागला तर तो, वर गार वारं सुटलं तर तिसरा. आईंनी डोकावून विचारलं, "बोहारीण यायचीय का?"

आज पहाटे समर्थ मंदिरापासून वर गेले. खाली कोरडं, उकाडा, पहिल्याच चढाला घामाघूम. मधल्या वळणांवर धुकं असं, की रस्त्याचा पांढरा पट्टा तेवढा दिसावा. यवतेश्वरला कासकडून आडवा पाऊस. परत खाली आले तर लख्ख ऊन, डांबरातून वाफा निघतायत! दीड तासात हे सगळं. हवामान खात्याला तरी काय बोलायचं? महाबळेश्वर आणि म्हसवड ज्या जिल्ह्यात, त्याचा अंदाज कुणी द्यावा? आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात, पण आपला रस्ता निम्मा शहरात, निम्मा वर. मी दोन्ही वाचते आणि दोन्हींना घाबरते.

रेनकोट बाद. आत घामानेच भिजते मी. सुती टीशर्टही बाद, भिजला की गोणपाट होतो. टोपी मात्र पुढे झडप असलेलीच, नाहीतर चष्म्यावर थेंब. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन. आणि हसू नकोस, कचऱ्याची काळी पिशवी! डोक्याला एक भोक, हातांना दोन. सुरुवातीला ताटकळताना अंगात, पळायला लागलं की फाडून डब्यात. तू ती पहिल्यांदा घातलीस तेव्हा सगळ्यांसमोर मी "इरलं घेऊन लावणीला निघालीस का" म्हणाले होते. शब्द मागे घेते. निम्मे. दिसत होतीसच तशी.

चढाला पाऊस लागला तर बरंच, अंग तापत नाही. धास्ती उताराची. ओलं डांबर, कडेला शेवाळ, त्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय पडला की घसरलाच. आज त्या वळणावर थांबले. कठडा हिरवागार झालाय. मागून एसटीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

तू ती २०१८ च्या बॉस्टन मॅरेथॉनची गोष्ट सांगायचीस ना, डेझिरी लिंडनची? धो धो पाऊस, समोरून वारं, तिला वाटत होतं आज आपलं काही खरं नाही. म्हणून सोबत पळणारी शालेन फ्लानागन शौचालयाला गेली तर ही तिच्यासाठी रेंगाळली, आणि शेवटी जिंकली हीच. दर वेळी मी "ऐकलंय गं" म्हणून उडवून लावायचे. तू ती मलाच का ऐकवायचीस, ते न कळण्याइतकी मी बावळट नाही.

तेव्हा ऐक. तू मागून "थांब" ओरडलीस ते मला ऐकू आलं होतं. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं मी दवाखान्यात तुझ्या आईला सांगितलं, नंतर तुलाही तेच. त्या दिवशी वारा नव्हताच. धुकं होतं आणि पान हलत नव्हतं. माझं घड्याळ बरं चाललं होतं, एवढंच.

असो. गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कठडा धरतेस? चिन्मयच्या ॲडमिशनचं काय झालं? नागपूरचं घर लागलं का? सगळं सविस्तर लिही, मी नाही लिहिलं तरी.

पत्राचा फोटो काढून पाठवतेय, पोस्टाने गेलं तर निकाल लागल्यावर मिळायचं. जुन्या बुटांचे तळ झिजलेत, नव्यांत जेमतेम तीस किलोमीटर पळालेय. ओल्या उताराला कुठले घालू? शनिवारपर्यंत कळव. रागावली असलीस तरी तेवढं कळव.

तुझी,
नीलू